मास्तर, तुम्ही पाय पुढे केले नाहीत

मास्तर,

माझ्या टाचेत काटा आहे आणि डोक्यात तुम्ही आहात. काटा नवा आहे, परसातल्या कुंपणाच्या बोराटीचा. गेल्या आठवड्यात मोडून आत राहिला. तुम्ही जुने आहात. हायस्कुलाच्या शेवटच्या वर्षापासून आत राहिलेले आहात, आणि इतक्या काळात तुमच्याभोवती चांगली जाड कातडी धरली होती. ती परवा एका तरुण माणसाने येऊन, चहा पिता पिता, दोन वाक्यांत सोलून काढली. म्हणून हे पत्र. तुम्ही आहात तिथे टपाल जात नाही हे मला कळतं. तरी लिहितो, कारण तुमच्याशी भांडण तुम्ही जिवंत असताना करायला हवं होतं, ते राहून गेलं, आणि माझं वय आता भांडणं शिल्लक ठेवण्याचं नाही.

तो तरुण इथे चंद्रपूरला एका शाळेत खेळ शिकवतो. चंद्रपूर म्हणजे तुमचं चांदा. नाव बदललं, धूळ तीच आहे. गळ्यात शिटी, पायात भारी बूट, बोलायला गोड. इथल्या ख्रिस्ती मंडळींनी खेळाच्या मास्तरांचं एक शिबिर भरवलं आहे. आता त्यांना कोच म्हणतात. सकाळी प्रार्थना, मग धावणं, मग व्याख्यानं. हरल्यावर पोरांशी काय बोलावं, जिंकल्यावर त्यांना जमिनीवर कसं ठेवावं, पंच चुकला तर तोंड कसं आवरावं, शिव्या न देता शिस्त कशी लावावी, आणि या सगळ्यात आपली श्रद्धा कुठे बसते. त्यात एक व्याख्यान तुमच्यावर हवं आहे, आणि ते मी द्यावं असं त्यांचं म्हणणं. संस्कृतच्या शिक्षकाला खेळावर बोलायला बोलावणाऱ्या माणसाचं मला कौतुकच वाटलं. मी विचारलं, "मीच का?" तर म्हणाला, "सर, तुम्ही त्यांच्या टीमचे कॅप्टन होते म्हणून ऐकलं. आमच्या चर्चमधली जुनी माणसं अजून सांगते, लय नम्र माणूस होता म्हणते तो. पोट्ट्यायचे पाय धुवत होता म्हणते."

नम्र! मास्तर, तुमच्याइतका मानी, हेकट आणि न वाकणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही, आणि मी पंडितांच्या घरात वाढलो आहे, तेव्हा या विषयात माझा अभ्यास कमी नाही. त्या पोराला मी हसून हो म्हटलं, फाटकापर्यंत पोचवलं, आणि परत येऊन इतका संतापलो की बायको म्हणाली, "काय हो, पाहुण्याने उसने पैसे मागितले का?"

तुम्ही आमच्या शाळेत ड्रिल मास्तर म्हणून आलात तेव्हा आपण मध्य प्रदेशात होतो आणि नागपूर ही राजधानी होती. आरमोरीच्या अलीकडचं आपलं गाव. भोवती धान, पलीकडे जंगल. गावात ख्रिस्ती घर एकच, तुमचं. तुम्ही आणि तुमच्या घरच्या बाई. खाकी हाफपँट, खांद्यावर दुपट्टा, आणि पायात कॅनव्हासचे बूट, जे तुम्ही रोज खडू घासून पांढरे करायचा. आम्ही सगळे अनवाणी. धान कापून झालं की शाळेमागच्या भाताच्या बांधीत हुतूतूचं मैदान आखलं जायचं, आणि कितीही साफ केलं तरी धसकटं आणि काटे राहायचेच. हुतूतूत दोन प्रकार तुम्ही आम्हाला शिकवलेत. संजीवनीत आपला गडी मेला, म्हणजे बाद झाला, तरी आपण त्यांचा एक मारला की आपला पुन्हा जिवंत होऊन आत येतो. गामिनीत तसं नाही. मेला तो मेला, रेघेबाहेर बसून राहायचं. तुम्हाला संजीवनीच आवडायची. "मेलेला उठून येते म्हंजे खेळ कसा झ्याक वाटते," म्हणायचा. मी तेव्हाच तुम्हाला चिडवलं होतं की मास्तर, यात तुमच्या धर्माची थोडी वशिलेबाजी आहे. तुम्ही एवढे हसलात की शिटी तोंडातून पडली. हे आठवतं आणि राग आणखी वाढतो. तुम्हाला चिडवलेलं चालायचं. चालत नव्हती ती फक्त मदत.

तुमचे नियम तीन होते. शिवी द्यायची नाही. पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवायचं. आणि तिसरा, ज्याच्यापायी आम्ही निम्मे सामने हरायचो: चढाईत दम तुटला, तर पंचाला ऐकू येवो न येवो, आपला हात आपणच वर करायचा. "दम तुह्या छातीत हाये गा. पंच तिथं कुठी बसला हाये?" असं तुमचं तर्कशास्त्र. पुढे न्यायदर्शन वाचलं, पण असा बिनतोड युक्तिवाद तिथेही फारसा आढळला नाही.

आणि मग पाणी. पहिल्या दिवशीचं मला लख्ख दिसतं आहे. सराव संपला आहे, तुम्ही तीन दगडांच्या चुलीवर पाण्याने भरलेला मोठा गंज चढवला आहे, त्यात कडुलिंबाचा पाला आणि मीठ. आम्हाला वाटतं आहे, आता काही प्यायला मिळणार. तुम्ही आम्हाला वर्गातल्या बाकावर ओळीने बसवता, घमेल्यात पाणी ओतता, आणि माझ्यासमोर मातीत गुडघे टेकून माझा पाय हातात घेता. मी पाय मागे ओढतो. म्हणतो, "मास्तर, गुरूने शिष्याच्या पायाला हात लावायचा नसतो. पाप लागतं."

"कोणाले लागते?"

"मला."

"मंग माह्या नावावर टाक बाबू. माह्याकडं ते उचलणारा हाये."

असं म्हणून तुम्ही माझा घोटा धरून ठेवलात. धसकटांनी ओरखडलेले तळवे धुतलेत, सुईने काटे काढलेत, दुपट्ट्याने पुसलेत आणि मोहाच्या टोरीचं, म्हणजे बियांचं, तेल चोळलंत. मग दुसऱ्याचे, मग तिसऱ्याचे. त्यात कुणबी होते, तेली होते, गोंड होते, महार होते. पाणी प्रत्येकाला वेगळं, तुम्ही मात्र तेच. मळलेलं पाणी तुम्ही मैदानाच्या कडेच्या सीताफळाच्या बुडाशी ओतायचा. नंतर सांगितलंत की तुमच्या प्रभूने मरणाच्या आदल्या रात्री आपल्या शिष्यांचे पाय धुतले होते. एवढंच. ना तुम्ही कुणाला प्रार्थना म्हणायला लावलीत, ना कुणाच्या गळ्यात काही बांधलंत. मी याचा साक्षीदार आहे, आणि मला साक्ष द्यायची होती. तिकडे येतोच.

चामोर्शीकडची टीम आपल्याकडे खेळायला आली, तो दिवस बाजाराचा होता. जिंकणारी टीम नागपूरच्या सामन्यांना जाणार होती. आमच्यातल्या एकानेही आगगाडी पाहिली नव्हती, तर नागपूर दूरच. शेवटची चढाई माझी. दोघांना शिवलो, परत फिरलो, आणि मधल्या रेघेच्या अलीकडे, घोट्याला कोणाची तरी बोटं घसटली तेव्हा, माझा दम तुटला. डोळ्याची पापणी लवावी एवढा. बाजाराचा गलका होता, पंचाला काही ऐकू आलं नाही. मी रेघ ओलांडली आणि अख्खं गाव ओरडलं. तुम्ही कडेला उभे होता. तुमच्या चेहऱ्यावर काहीसुद्धा नव्हतं, ना हो, ना नाही. त्या कोऱ्या चेहऱ्याने माझा हात वर गेला, मास्तर. धमकावलं असतंत तर गेला नसता.

आम्ही हरलो. मी मैदानात बसकण मारून रडत होतो, आणि तुम्ही घमेलं आणून माझ्यासमोर ठेवलंत. "कॅप्टन, पाणी घे. पाहुण्याचे पाय धू." त्यांचा कॅप्टन जंगलातल्या गावचा गोंड पोरगा होता, माझ्याच वयाचा, माझ्यापेक्षा रुंद. तो बिचारा घाबरून मागे सरला. "नको गा. मले कसंतरीच होते."

"मलाही होतंय," मी म्हणालो. "बस."

तो बसला. त्याच्या तळव्याला जुन्या चामड्यासारखी कातडी होती, तिच्यात एक काटा काळा होऊन बसला होता. तो मी काढला. काढताना तो पोरगा हसू दाबत होता की रडू, ते मला कळलं नाही. मान वर केली तेव्हा गर्दीत माझे वडील उभे होते. हातात वांग्यांची पिशवी. गावातले एकमेव शास्त्री, शाळेच्या समितीवर, आणि बाजारातून आणलेली वांगीसुद्धा पाणी शिंपडल्याशिवाय घरात न घेणारे. घरी गेल्यावर फक्त म्हणाले, "आंघोळ करून घे." मी केली. वांग्यांचीही झाली.

पुढच्या बाजारापर्यंत गावभर झालं होतं की किरिस्तान मास्तर पोट्ट्यांना पाण्याने बाटवून राह्यला. तुमच्याकडे माणूस ख्रिस्ती करतात तो डोक्यावर पाणी घालून, हे गावाला ऐकून माहीत होतं. आता लोकांनी असा शोध लावला की डोक्यावर घातलं तर आईबाप ओरडतील, म्हणून मास्तर लबाडीने खालून सुरुवात करतो. पायाला आज लागलं, वर चढत चढत दोन-तीन वर्षांत डोक्यापर्यंत जाईल. हसू नका. तीन पोरांच्या आयांनी त्यांना खेळायला पाठवणं बंद केलं. त्या सीताफळाची फळं पुढल्या हंगामात कोणी तोडली नाहीत. ती सगळी मी एकट्याने खाल्ली, आणि अजून मी संध्या करतो.

मग समितीची बैठक. शाळेचा मोठा वर्ग, भर दुपार, आम्ही खेळाडू मागच्या भिंतीला टेकून उभे. तुमची नोकरी राहते की जाते, हे ठरायचं होतं, आणि तुम्ही राहिलात तर टीम राहणार होती. अध्यक्ष आपले मालगुजार, गावचे जुने जमीनदार. मालगुजारी गेली होती, आवाज गेला नव्हता. पण माणूस मनाने वाईट नव्हता आणि तुम्ही त्याला आवडायचा. तुमच्यासाठी त्याने वाक्य तयार करूनच आणलं होतं. "मास्तर, माहं ऐका. पोट्ट्यायच्या पायात काटे मोडते. धुतल्याबिगर दिसत नाई. म्हणून तुम्ही धुता. औषधपाण्याचं काम हाये. असंच ना? हो म्हना अन् चहा घ्या."

तुम्ही गप्प. मला ते सहन होईना. मी हात वर केला, तोच हात, आणि पुढे आलो. पोरगा मोठ्यांच्या बैठकीत बोलतो म्हणून कुजबुज झाली, पण मी शास्त्र्याचा मुलगा, तेवढी सवलत मिळाली. मी म्हणालो की यात परकं काहीच नाही. आपल्याकडे पूजेच्या सोळा उपचारांत आवाहन आणि आसन झालं की तिसरं पाद्यच येतं; देवालाही आधी पाय धुवायला पाणी. अतिथी दारात आला की आधी त्याचे पाय धुवायचे. चामोर्शीची टीम आपल्याकडे अतिथी होती. मी यजमान होतो. मास्तरांनी मला आपलाच आचार करायला सांगितला. वाक्यं नीट येत होती, कारण ती मी आठवडाभर घोटली होती.

आणि मग जे झालं ते तुम्हाला तेव्हा दिसलं का, हे मला तीस वर्षं विचारायचं आहे. माझे वडील उठले. उपरणं सारखं केलं. म्हणाले, "मुलगा बोलतो ते शास्त्राला धरून आहे. अतिथीचे पाय यजमानाने धुवावेत. आणि त्याची जात विचारून मग धुवावेत, असं माझ्या वाचनात कुठे आलेलं नाही."

मास्तर, ते वाक्य त्या माणसाच्या तोंडून येणं म्हणजे काय होतं, हे त्या वर्गात मला एकट्याला कळलं होतं. ते बोलताना त्यांच्या कपाळावर घाम होता. मालगुजारांनी मांडीवर थाप मारली, "झालं! शास्त्रीबोवाच बोलले, आता कोन काय बोलन?" चहा आणायला माणूस उठलासुद्धा. सगळं मिटलं होतं. तुम्ही फक्त गप्प राहायचं होतं. तुम्हाला खोटं बोलायलाही कोणी सांगत नव्हतं. गप्प, एवढंच. जे तुम्ही त्याआधी घटकाभर उत्तम करत होता.

तुम्ही उभे राहिलात. "शास्त्रीजी, तुमचे लय उपकार. बाबू, तूबी चांगला बोलला, बस. पन ते माहं नाई." मग मालगुजारांकडे वळून, "काटे काढाले धुतो हे खरं हाये, साहेब. पन त्याच्यासाठी नाई धुत. माह्या प्रभूनं धुतले म्हणून धुतो. बाटवत मी कोणालेच नाई."

मालगुजार कळवळून म्हणाले, "अरे मास्तर, शेवटचं तेवढंच बोला ना! मधलं काऊन बोलून राह्यले?"

"मधलं काढलं तं शेवटचं खोटं होते, साहेब."

वडील उभेच होते. त्यांनी उपरणं पुन्हा सारखं केलं, जे सारखंच होतं. म्हणाले, "मग माझं म्हणणं मी परत घेतो," आणि खाली बसले. चहा आलाच नाही.

दम तुमच्या छातीत होता, तुम्ही हात वर केलात, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी काही मठ्ठ नव्हतो. पण तुम्ही स्वतःला संजीवनीत समजत होता. समिती गामिनी खेळत होती. तुम्ही रेघेबाहेर गेलात ते गेलातच, आणि आम्ही कोणालाही मारून तुम्हाला आत आणू शकलो नाही. तुमची नोकरी गेली, टीम मोडली. ज्यांच्या आयांनी आधीच बंद केलं होतं त्यांची गोष्ट सोडा, बाकीच्यांनाही नवे ड्रिल मास्तर कवायतीपलीकडे काही शिकवेनात. आणि माझे वडील. त्यांच्याबद्दल तुम्हाला मी कधीच माफ केलं नाही. त्या माणसाने उभ्या आयुष्यात एकदा दार उघडलं, तेही सगळ्या गावासमोर, आणि तुम्ही उंबऱ्यावर उभे राहून म्हणालात की हे माझं घर नाही. खरं होतं. पण आत यायला काय हरकत होती? त्यानंतर ते दार पुन्हा उघडलं नाही. वीस वर्षं मी त्यांच्याशी अनेक विषयांवर वाद घातले, प्रत्येक वेळी ते म्हणायचे, "एकदा ऐकलं होतं तुझं." बोलणं तिथेच संपायचं. मरेपर्यंत वांगी धुऊनच घरात आली.

तुम्ही गाव सोडून गेलात तेव्हा गाडीत एक पेटी, एक गंज आणि बाई. मी बैलांशेजारी उभा होतो, तुमच्याकडे बघत नव्हतो. तुम्ही माझ्या डोक्यावर हात ठेवायला आलात आणि मी सरकलो. बाई गाडीतून म्हणाल्या, "तू तं बोलला बाबू. तेवढं पुरे. ह्या मानसाले कोनी वाचवू शकत नाई. तो वाचवूच देत नाई." तुम्ही हसलात. बाई हसत नव्हत्या. गाडी अहेरीच्या रस्त्याला लागली.

तिकडे तुम्ही लाकडाच्या डेपोत मुन्शी झालात आणि काही पावसाळ्यांनंतर तापाने गेलात, हे मला बाईंनी सांगितलं. मी तेव्हा इथे शिकवायला लागलो होतो. त्याही इथेच आपल्या बहिणीकडे राहायला आल्या होत्या. मला बघून त्या ना रडल्या, ना त्यांनी उपदेश केला. चहा दिला आणि सांगितलं की शेवटच्या तापातसुद्धा तुम्ही बूट काढू देत नव्हतात. "टाचा अशा फुटल्या होत्या, की रगत यायचं. मी म्हणो, कोमट पानी आनते, धुते. तं म्हणे, राहू दे, तुले कायले तरास. जगाचे पाय धुतले त्या मानसानं, अन् मले त्याचे पाय त्याच्या मेल्यावर दिसले."

मास्तर, आता बोला. नम्र माणूस म्हणे!

आम्ही पोरांनी एकदा तुमचा कट केला होता, आठवतं? चामोर्शीच्या सामन्याच्या आधी. तुम्ही येण्यापूर्वी चूल पेटवली, गंज चढवला, पाला टाकला आणि तुम्हाला बाकावर बसवून म्हणालो, "आज तुमचे पाय, मास्तर." तुम्ही हसत उठलात. "मी कुठी खेळलो? माहे पाय साफ हायेत." आणि शिटी वाजवलीत. आम्ही ते गरम पाणी सीताफळाला ओतलं. मला तेव्हा वाटलं, केवढा हा मोठेपणा. आता वाटतं, केवढा हा मोठेपणाचा हव्यास. आमचे पाय जबरदस्तीने हातात घ्यायचे, आणि आपले पाय खडूने पांढऱ्या केलेल्या बुटात कोंडून ठेवायचे. म्हणजे देणारे कायम तुम्ही आणि घेणारे कायम आम्ही. मालगुजारांनी हात दिला, नको. पोराने दिला, नको. शास्त्र्याने दिला, नको. पाडलेल्या गड्याला हात देऊन उठवायचं, हा तुमचाच नियम ना? मग पडलेल्या गड्याने तो हात धरायचा असतो, हे कोणी शिकवायचं?

तुमचं पुस्तक मी नंतर वाचलं. श्रद्धेने नव्हे, शास्त्र्याचा मुलगा ज्यासाठी दुसऱ्याचं पुस्तक वाचतो त्यासाठी: तुमच्याविरुद्ध मुद्दे काढायला. आणि सापडला, मास्तर. त्याच पुस्तकात, शिष्यांचे पाय धुण्याच्या कितीतरी आधी, एक बाई येते. बदनाम बाई. जेवायला बसलेल्या तुमच्या प्रभूचे पाय ती आसवांनी भिजवते, केसांनी पुसते, सुगंधी तेल लावते. यजमान नाक मुरडतो. आणि तुमचा प्रभू काय करतो? पाय ओढून घेत नाही. राहू दे बाई, तुले कायले तरास, असं म्हणत नाही. बसून राहतो आणि करू देतो, आणि वर यजमानाला सुनावतो. ते पान तुमच्या प्रतीत नव्हतं का? धुवायला तुम्ही शिकलात. धुऊन घ्यायला शिकला नाहीत. अर्धाच धडा पाठ केलात आणि त्या अर्ध्यावर आमची पूर्ण परीक्षा घेतलीत.

शिबिरात मी हेच सांगणार आहे. तो शिटीवाला तरुण नाराज होईल, आणि ज्या पाद्रीसाहेबांनी फुलांचा गुच्छ सांगून ठेवला असेल, तेही होतील. मी त्यांना सांगणार आहे की पोरांना खरं बोलायला शिकवा, दम तुटला तर हात वर करायला शिकवा, त्या माणसाने ते असं शिकवलं की माझा हात अजून आपोआप वर जातो, स्टाफरूममध्येही, आणि त्यापायी माझं बरंच नुकसान झालं आहे. पण कधीतरी, एखाद्या संध्याकाळी, पोरांसमोर आपलेही बूट काढा. आपल्या भेगा त्यांना दिसू द्या. नाहीतर तुमचं चांगलं वागणं त्यांच्या डोक्यावर कायमचं बसून राहतं, उतरवताच येत नाही.

हे लिहिलं आणि थांबलो. कारण आषाढात, गुरुपौर्णिमेला, माझे जुने विद्यार्थी पाया पडायला येतात, आणि मी दर वर्षी पाय धोतरात ओढून घेतो. "राहू दे, राहू दे," म्हणतो. ती पोरं बाहेर जाऊन सांगतात, सर फार नम्र आहेत. तो शब्द ऐकून मी परवा एवढा का पेटलो, ते आता कळतं आहे, आणि त्याचाही राग मला तुमच्यावरच येतो आहे.

बायको दारात उभी आहे. आठवडाभर रोज विचारते, तसंच आताही विचारलं, "काय हो, त्या काट्याचं काय ठरलं? काढायचा की त्यावरही व्याख्यान आहे?" आठवडाभर मी राहू दे म्हणतो आहे आणि घरातून लंगडत फिरतो आहे. आज म्हटलं, आण सुई. तिला एवढं आश्चर्य वाटलं की मी मत बदलायच्या आत तिने पातेलं चुलीवर ठेवलं. ती पाणी आणेपर्यंत हे एवढं उरकतो. मग दोन्ही हातांनी खुर्ची धरावी लागणार आहे.

तुमच्यावरचा राग जात नाही, मास्तर. आणि एक गोष्ट तुम्हाला कधी सांगितली नाही. त्या पहिल्या दिवशी बाकावर मी पाय मागे ओढला, तो पापाला भिऊन नव्हे. मला गुदगुल्या झाल्या होत्या. सगळ्या टीमसमोर कॅप्टनला ते बोलता येईना, म्हणून घाईघाईने शास्त्र पुढे केलं. अजूनही होतात. पाणी आलं.